सशाच्या हातातला ग्लास खरा होता का? (वाचकांचे प्रश्न)

मागच्या अंकात सुट्टीत घरी बसून बघायच्या सिनेमांवर लिहिलं होतं आणि त्यात सहज एक ओळ टाकली होती, की खरी माणसं आणि कार्टून एकाच फ्रेममध्ये असलेले कॉमेडी सिनेमे हा माझा वीक पॉइंट आहे. झालं, निम्मी पत्रं त्या एका ओळीवरच. बाकीचे विषय पुढच्या महिन्यात घेऊ, या वेळी फक्त हेच.

प्रश्न: माझा मुलगा आठ वर्षांचा आहे. २०२१ चा 'टॉम अँड जेरी' इतक्यांदा बघून झालाय की आता आम्हालाच पाठ झालाय. त्याला याच टाइपचं पण जुनं आणि जरा चांगलं काहीतरी दाखवायचंय. 'हू फ्रेम्ड रॉजर रॅबिट' चालेल का? घाबरेल का? (एक आई, नाशिक)

ताई, आधी तुमच्या टॉम अँड जेरीबद्दल. मला तो काही फार ग्रेट वाटला नाही, पण एक गोष्ट त्यांनी झकास केलीय, त्या जगात प्राणी म्हटला की तो कार्टूनच. टॉम आणि जेरी तर आहेतच, पण कबुतरं, कुत्रा, आणि न्यूयॉर्कच्या हॉटेलातल्या त्या देसी लग्नाच्या थाटामाटात आणलेले हत्तीसुद्धा, आणि सिनेमातल्या एकाही माणसाला त्याचं काही वाटत नाही. असा नियम एकदा ठरला की पोरं लगेच मान्य करतात, शंका आपल्याला येतात.

आता रॉजर रॅबिट. दाखवा, पण शेजारी बसून दाखवा. १९८८ चा सिनेमा, गोष्ट १९४७ सालच्या लॉस एंजेलिसमधली, तिथे कार्टून मंडळी खरोखरची राहतात, स्टुडिओत ड्युटीला जातात, आणि कार्टून म्हटलं की ज्याच्या कपाळात तिडीक जाते असा एडी नावाचा एक दारुडा डिटेक्टिव्ह (बॉब हॉस्किन्स) खुनाचा आळ आलेल्या रॉजर नावाच्या सशाला लपवून ठेवायच्या भानगडीत सापडतो. धमाल आहे. पण दोन जागा सांभाळा. एक म्हणजे बुटाचा सीन. एक छोटासा कार्टून बूट लाडात येऊन जज डूम या खलनायकाच्या पायाला अंग घासत असतो आणि तो माणूस हातात रबरी मोजा चढवून त्याला उचलतो आणि शांतपणे 'डिप'च्या पिंपात बुडवतो. डिप म्हणजे टर्पेंटाइन, असिटोन आणि बेन्झीन, म्हणजे कागदावरचा किंवा सेलवरचा (म्हणजे कार्टून रंगवायच्या पारदर्शक शीटवरचा) रंग खरोखर ज्यानं विरघळतो तेच. तो बूट ओरडतो हो. मोठी माणसं हळहळतात तर आठ वर्षांच्या पोराचं काय सांगायचं. दुसरी जागा शेवट, तिथे डूमचे डोळे आणि आवाज दोन्ही बदलतात, त्या वेळी मांडीवर घ्या किंवा सरळ पाणी आणायला पाठवा. शिवाय रॉजरची बायको जेसिका रॅबिट हिचं गाणं, दारू, सिगार ओढणारं बाळ, म्हणजे घरात आजी असतील तर रिमोट हाताशी ठेवा इतकंच.

घाई नसेल तर सुरुवात 'मेरी पॉपिन्स'पासून करा (१९६४). डिक व्हॅन डाइक आणि चार पेंग्विन वेटर यांचा नाच आहे त्यात, मुलगा हसून लोळेल. मूळ पुस्तकांच्या लेखिका पी. एल. ट्रॅव्हर्स बाईंना सिनेमातलं हे कार्टून प्रकरण अजिबात आवडलं नव्हतं, पण मुलांचं मत वेगळं पडलं. आणि मग 'एन्चांटेड' (२००७), त्यात सुरुवातीचा भाग पूर्ण हाताने काढलेलं कार्टून आणि मग त्यातली नायिका न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरच्या गटाराच्या झाकणातून हाडामांसाची बाई होऊन बाहेर येते. कार्टूनमध्ये असताना गाणं म्हटलं की हरणं, ससे, पक्षी घर आवरायला धावत येत असत, सवयीप्रमाणे न्यूयॉर्कच्या फ्लॅटमध्येही ती गाते आणि खिडकीतून येतात कबुतरं, उंदीर आणि झुरळं. आणि झाडून सगळं घर स्वच्छ करतात!

प्रश्न: मी ॲनिमेशनचा कोर्स करतोय. १९८८ मध्ये कॉम्प्युटर कंपोझिटिंग (वेगवेगळी चित्रं कॉम्प्युटरवर एका फ्रेममध्ये जोडणं) नव्हतं तर रॉजर रॅबिट केला कसा? आमचे एक सर म्हणतात की त्यात विशेष काही नाही, आता दोन दिवसांत होईल. (एक विद्यार्थी, पुणे)

सरांना म्हणावं करा दोन दिवसांत, फक्त दिवा हलवायला विसरू नका.

दिव्याचं सांगतो. बारच्या मागच्या कोंदट खोलीत एडी आणि रॉजर एकाच हातकडीत अडकलेत, एडी करवतीनं ती कापतोय, आणि त्याचं डोकं वरून लोंबणाऱ्या दिव्याला लागतं. दिवा झुलायला लागतो. आता उजेड इकडून तिकडे, सावल्या लांब होतायत आखूड होतायत, आणि त्या सगळ्यात तो काढलेला ससा, त्याच्या कानांवरचा गालांवरचा उजेडही तसाच फिरतोय, फ्रेममागून फ्रेम. कथेला दिवा हलायची काडीची गरज नव्हती. तो स्थिर ठेवला असता तर एकाही प्रेक्षकानं तक्रार केली नसती आणि किती जणांचं केवढं काम वाचलं असतं. डिस्नेच्या ॲनिमेटर मंडळींत 'बंप द लॅम्प' (दिव्याला धक्का दे, म्हणजे कुणी मागितलं नाही तरी जास्तीची मेहनत घे) हे तेव्हापासून ऐकायला मिळतं ते यावरूनच. आणि त्याच सीनमध्ये तो महान जोक आहे, एडी घाम गाळून करवत चालवतोय आणि ससा मध्येच हात अलगद सोडवून घेतो, एडी भडकतो की म्हणजे तुला हे कधीही जमलं असतं? तर ससा म्हणतो छे, कधीही कसं, जेव्हा हसू येईल तेव्हाच.

आता पद्धत. आधी सगळं शूटिंग सशाशिवाय. बॉब हॉस्किन्स बिचारा हवेची गचांडी धरतोय, हवेला कोटात कोंबतोय. रिहर्सलला पात्राच्या मापाची रबरी बाहुली उभी करायचे म्हणजे कुणी कुठे बघायचं ते कळतं, टेकच्या वेळी ती काढून घ्यायची. सशाचा आवाज देणारा चार्ल्स फ्लायशर कॅमेऱ्याच्या बाहेर उभा राहून डायलॉग म्हणायचा आणि तेही सशाचा ड्रेस घालून, स्वतः मागून घेतलेला ड्रेस. असं सांगतात की त्याला जेवायच्या वेळी त्या अवतारात बघून दुसऱ्या युनिटच्या लोकांना वाटलं हाच तो ससा, आणि झालं, हा सिनेमा आपटणार.

शूट झालेल्या प्रत्येक फ्रेमची मोठी ब्लॅक अँड व्हाइट प्रिंट काढली, ती लंडनमध्ये रिचर्ड विल्यम्सच्या टीमकडे, त्या प्रिंटवर कागद ठेवून हाताने ससा काढायचा. सेकंदाला २४ फ्रेम, गुणाकार तूच कर. मग सेलवर रंग, आणि मग कॅलिफोर्नियात इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिक या स्पेशल इफेक्ट्सवाल्या कंपनीकडे, तिथे ऑप्टिकल प्रिंटरवर (वेगवेगळ्या फिल्म एकाच फिल्मवर उतरवणारं यंत्र) सगळं एकावर एक चढवायचं, म्हणजे सशाचा मूळ रंग एक थर, अंगावरची गडद बाजू दुसरा थर, चमक तिसरा, जमिनीवर पडणारी सावली आणखी वेगळी. म्हणून तो कागदावरून कापून चिकटवल्यासारखा दिसत नाही, त्याला गोलाई येते. शिवाय त्याआधी असल्या सीनला कॅमेरा बहुतेक खिळून ठेवायचे कारण हलत्या कॅमेऱ्याबरोबर पात्राचा कोन प्रत्येक फ्रेमला बदलून काढावा लागतो. दिग्दर्शक रॉबर्ट झेमेकिसला कॅमेरा फिरवायचाच होता आणि विल्यम्सनं त्याला अडवलं तर नाहीच, उलट म्हणाला खुशाल फिरव.

शीर्षकातला प्रश्न पण तुझ्याच पत्रातला, तर हो, ग्लास खरा. कार्टूनच्या हातातल्या वस्तू बऱ्याच ठिकाणी खऱ्याच आहेत, तारांवर, काठ्यांवर, नाहीतर यांत्रिक हातांवर हलवलेल्या. त्या नाइट क्लबमध्ये पेंग्विन ट्रे घेऊन फिरतात ना, तो सेट जमिनीपासून उंच बांधला होता, खालून माणसं काठ्यांवर ट्रे फिरवत होती, आणि नंतर काठी जिथे दिसते तिथे पेंग्विन काढला. काठी झाकली गेली, पेंग्विनच्या हातात ट्रे आला. इतकं सोपं आणि इतकं वेळखाऊ.

पण माझ्या मते सगळ्यात अवघड काम प्रिंटरचं नाही, हॉस्किन्सच्या डोळ्यांचं. एक प्रयोग कर. भिंतीपासून आठ दहा फुटांवर उभा राहा आणि तुझ्यासमोर हातभर अंतरावर कुणीतरी बुटकं उभं आहे असं समजून त्याच्या तोंडाकडे बघत बोल, मित्राला मोबाइलवर शूट करायला सांग. नंतर बघ, डोळे सरकून मागच्या भिंतीवर गेलेले असतात. हॉस्किन्सचे जात नाहीत. तो म्हणायचा की हे आपण आपल्या लहान मुलीकडून शिकलो, ती नसलेल्या मित्रमैत्रिणींशी गप्पा मारायची ते बघून. आणि सिनेमा आल्यावर त्याचा लहान मुलगा म्हणे रुसला, की एवढे सगळे कार्टून तुझे दोस्त आणि एकालाही घरी आणलं नाहीस.

प्रश्न: एक साहेब नट आणि उंदीर जोडीनं नाचतात असं फार वर्षांपूर्वी टीव्हीवर पाहिल्याचं आठवतं. घरचे म्हणतात मी स्वप्नात पाहिलं. (एक आजोबा, डोंबिवली)

आजोबा, घरच्यांना पेढे मागा. तो नट जीन केली, उंदीर म्हणजे आपला जेरी, सिनेमा 'अँकर्स अवे', साल १९४५. ब्लॅक अँड व्हाइट आठवत असेल तर तो तुमच्या टीव्हीचा गुण, सिनेमा रंगीत आहे. गोष्ट अशी की एका राज्यात राजानं गाण्यावर बंदी घातलेली असते, कारण त्याला स्वतःला काहीच येत नाही, आणि हा राजा म्हणजे जेरी, मग खलाशाच्या वेशातला केली त्याला नाचायला शिकवतो. केलीला खरं तर मिकी माउस हवा होता, डिस्नेकडून नकार आला, मग हा सिनेमा काढणाऱ्या एमजीएम स्टुडिओनं घरचाच उंदीर दिला आणि टॉम अँड जेरी काढणाऱ्या हॅना-बार्बेरा जोडीनं तो नाचवला. त्यातली एक बारीक गोष्ट पुढच्या वेळी बघा. फरशी चकचकीत आहे, केलीचं प्रतिबिंब तीत दिसतं. सगळं काम झाल्यावर लक्षात आलं की जेरीचं प्रतिबिंब नाही! मग परत बसले आणि जेरीचं उलटं नाचणारं प्रतिबिंब वेगळं काढलं. आता ते आहे म्हणून आपलं लक्ष जात नाही, नसतं तर उंदीर तरंगल्यासारखा वाटला असता.

यालाही जुनी परंपरा आहे. १९१४ मध्ये विन्सर मॅके हा चित्रकार स्टेजवर पडद्याशेजारी हातात चाबूक घेऊन उभा राहायचा आणि पडद्यावरच्या गर्टी नावाच्या डायनासोर बाईला हुकूम सोडायचा, पाय उचल, नमस्कार कर, आणि ती ऐकायची, कधी रुसून रडायची. वॉल्ट डिस्नेनंही मिकीच्या आधी, १९२३ पासून, खऱ्या छोट्या मुलीला कार्टूनच्या जगात सोडून केलेल्या ॲलिस कॉमेडीजवरच धंदा उभा केला.

प्रश्न: मिकी माउस आणि बग्ज बनी एका सिनेमात कसे? कंपन्या तर वेगळ्या. (एक वाचक, बेळगाव)

वकिलांच्या कृपेनं आणि स्पीलबर्गच्या वजनामुळे, तो निर्मात्यांपैकी एक होता. मिकी डिस्नेचा, बग्ज वॉर्नर ब्रदर्सचा. वॉर्नरची अट होती की आमच्या हिरोला तुमच्या हिरोइतकाच वेळ पाहिजे, म्हणून रॉजर रॅबिटमध्ये मिकी आणि बग्ज येतात तेही एकत्र, जातात तेही एकत्र. डोनाल्ड आणि डॅफी या दोन बदकांची पियानोवरची मारामारी पण तशीच तोलून मापून. आपल्याकडे पोस्टरवर कुणाचं नाव वर यावरून होतं ते काही वेगळं नाही.

प्रश्न: हे सगळं हॉलिवूडचंच का? हिंदीत, मराठीत असं काही झालंच नाही का? (एक वाचक, कोल्हापूर)

झालंय ना, पण तुरळक. तमिळमध्ये १९८९ च्या 'राजा चिन्ना रोजा'त एका जंगलातल्या गाण्यात रजनीकांत आणि पोरं कार्टून प्राण्यांबरोबर आहेत, शोधून बघा, निरागस मजा आहे. मल्याळममध्ये १९९३ ला 'ओ फाबी' आला, तिथे तर कार्टून पात्र गाण्यापुरतं नाही, पूर्ण सिनेमाभर. हिंदीत 'हम तुम' (२००४) मध्ये सैफ व्यंगचित्रकार असतो आणि मधून मधून त्याची चित्रं जिवंत होऊन बायका विरुद्ध पुरुष भांडतात, पण ती माणसांत मिसळत नाहीत. आणि २०१० मध्ये 'टूनपूर का सुपरहिरो', अजय देवगण आणि काजोल, दिग्दर्शक किरीट खुराना. कल्पना मस्त होती, पडद्यावरचा ॲक्शन हिरो ज्याचे स्टंट डुप्लिकेट करतो आणि घरी पोरांना ते माहीत आहे, त्याला कार्टून लोक उचलून आपल्या गावात नेतात. चालला नाही. माझं मत विचाराल तर गोची अशी झाली की तिथे अजय देवगणच्या आजूबाजूचं सगळंच कॉम्प्युटरनं केलेलं, म्हणजे हात लावायला खरं काही नाही, ना खुर्ची ना ग्लास. रॉजर रॅबिटमध्ये ससा आपल्या जगात येऊन आपल्या बश्या फोडतो. फुटणारी बशी खरी असली की फोडणाराही खरा वाटतो.

माणसं नव्हती असंही नाही. मुंबईत फिल्म्स डिव्हिजनच्या कार्टून युनिटमध्ये १९५६ मध्ये डिस्नेचे क्लेअर वीक्स शिकवायला आले होते आणि त्यांच्या हाताखाली तयार झालेले राम मोहन हे आपल्याकडच्या ॲनिमेशनचे भीष्माचार्यच. 'शतरंज के खिलाडी'त इंग्रज एकेक राज्य चेरी खाल्ल्यासारखं गट्टम करतो तो कार्टूनचा तुकडा त्यांचा. आणि त्याही आधी, १९१५ मध्ये, दादासाहेब फाळक्यांनी काड्यापेटीतल्या काड्या एकेक फ्रेम सरकवत 'आगकाड्यांची मौज' केली होती. अडलं ते पैशावर. एका गाण्यापुरतं कार्टून परवडतं, पूर्ण सिनेमाभर पात्र नाचवायचं म्हणजे वर्षं जातात आणि तोवर हिरोच्या तारखा थांबत नाहीत.

मराठीत कार्टून नाही, पण मी एक नाव घेतोच, 'झपाटलेला' (१९९३). हसू नका. तात्या विंचू हा रामदास पाध्यांचा बाहुला, आवाज दिलीप प्रभावळकरांचा, आणि समोर लक्ष्मीकांत बेर्डे. काम तेच जे हॉस्किन्सचं, निर्जीव वस्तूकडे जिवंत असल्यासारखं बघायचं. लक्ष्या त्या बाहुल्याला घाबरतो ना तेव्हा आवाज फुटत नाही, डोळे बाहुल्यावरून हटत नाहीत आणि पाय आपोआप मागे सरकतात. त्याच्या भीतीमुळे आम्ही लहानपणी कपाटावरच्या बाहुल्या उलट्या ठेवायचो. तोच लक्ष्या एका हाताने काढलेल्या उंदराबरोबर असता तर काय मजा आली असती! महेश कोठाऱ्यांना सुचलं असतं तर त्यांनी केलंही असतं, बजेट सोडून सगळं होतं त्यांच्याकडे.

प्रश्न: स्टुअर्ट लिटल, पॅडिंग्टन, सॉनिक हे पण यातच धरायचे का? (एक वाचक, ठाणे)

कडक नियम लावला तर नाही, कारण तिथे उंदराला केस आहेत, अस्वलाची फर ओली होते, सगळी धडपड तो खरा प्राणी वाटावा म्हणून. कार्टूनची गंमत उलटी, तो चित्र आहे हे दिसत असतानाच तुम्ही त्याला माणसात धरता. पण पॅडिंग्टन बघाच, नियम गेला खड्ड्यात.

प्रश्न: स्पेस जॅम माझा बालपणीचा जीव की प्राण. २०२१ चा नवा बघितला आणि काहीच वाटलं नाही. वय झालं का माझं? (एक वाचक, ऑस्टिन, मूळचे सोलापूरचे)

थोडं वय, थोडा सिनेमा. पण खरं सांगू का, १९९६ चा पण मी परत बघितला तर तोही रॉजर रॅबिटच्या पासंगाला पुरत नाही. बास्केटबॉलचा बादशहा मायकेल जॉर्डन हिरव्या खोलीत (मागचं कार्टून नंतर भरता यावं म्हणून) हिरवे कपडे घातलेल्या माणसांबरोबर खेळला, आणि तो नट नाही हे त्याच्या चेहऱ्यावर दिसतं, बग्जशी बोलताना नजर कुठेतरी वर जाते. तरी चालून जातं कारण बॉल हातात आला की तो जॉर्डन असतो, तिथे काही खोटं नाही. शूटिंगच्या मध्ये त्याला प्रॅक्टिस करता यावी म्हणून वॉर्नरनं आवारातच तंबू ठोकून कोर्ट बांधून दिलं होतं, दिवसभर कार्टूनशी बोलायचं आणि संध्याकाळी एनबीए या अमेरिकन बास्केटबॉल लीगच्या खऱ्या खेळाडूंशी खेळायचं असा त्याचा दिनक्रम. नव्यात बास्केटबॉलपटू लेब्रॉन जेम्स बराच वेळ कॉम्प्युटरच्या आत आहे आणि मागे गर्दीला वॉर्नरची सगळी पात्रं जत्रेला आल्यासारखी उभी, कुणाकडे बघायचं तेच कळत नाही. तुम्ही त्याऐवजी 'लूनी ट्यून्स: बॅक इन ॲक्शन' (२००३) बघा, ब्रेंडन फ्रेझरचा. तिकीटबारीवर पडला होता पण लूव्र म्युझियममध्ये पात्रं एकामागून एक पेंटिंगमध्ये शिरतात आणि ज्या चित्रात जातील त्या चित्राच्या शैलीची होतात, तो पाठलाग एकटाच पैसे वसूल करतो.

प्रश्न: कोल्ह्याचा सिनेमा पूर्ण होऊनही डब्यात गेला असं वाचलं होतं, त्याचं पुढे काय झालं? (एक वाचक, रत्नागिरी)

'कायोटी व्हर्सेस ॲक्मी'. कोल्हाच म्हणू आपण, कायोटी त्याचाच अमेरिकन भाऊबंद. रोडरनर या सुसाट पळणाऱ्या पक्ष्याच्या मागे धावून वर्षानुवर्षं दरीत पडणारा तो बिचारा शेवटी ॲक्मी कंपनीवर केस करतो, की तुमचे रॉकेट स्केट्स आणि फटाके सगळे सदोष निघाले. मूळ कल्पना इयन फ्रेझियरच्या १९९० च्या एका विनोदी लेखाची. कोल्हा हाताने काढलेल्या चित्रांच्या वळणाचा, वकील विल फोर्टे, समोरच्या बाजूला जॉन सीना. सिनेमा पूर्ण तयार असताना नोव्हेंबर २०२३ मध्ये वॉर्नरनं तो रिलीज न करता टॅक्समध्ये नुकसान दाखवायचं ठरवलं, त्यावर इतकी बोंबाबोंब झाली की विकायला काढला, आणि मार्च २०२५ मध्ये केचम एंटरटेनमेंटनं घेतला. थिएटरसाठी ऑगस्ट २०२६ ची तारीख जाहीर झाली. कंपनीच्या विरुद्ध कोर्टात जाणाऱ्या कोल्ह्याला कंपनीनंच गोदामात कोंडलं होतं, हा त्यातला कुणी न लिहिलेला जोक.

पत्रं पाठवत राहा. पुढच्या महिन्यात कुकर, मिक्सर आणि सिनेमातली स्वयंपाकघरं, बऱ्याच जणींनी विचारलंय.